विंगेतले चार क्रेडिट

नवं शैक्षणिक धोरण ज्यांनी लिहिलं, त्यांच्या डोळ्यांसमोर चेटकिणीचा झगा नक्कीच नसणार. त्यांच्या मनात कारखाने असतील, बँका असतील, झालंच तर एखादी प्रयोगशाळा असेल. मुलांनी पुस्तकातून डोकं बाहेर काढावं, कुठेतरी राबावं, जग बघावं, हा त्यांचा सद्हेतू. त्या सद्हेतूपोटी पदवीच्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आलं. आमच्याकडे आलेल्या मुलांना त्याचे चार क्रेडिट होते. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास कुठेतरी काम करायचं आणि सही-शिक्का घेऊन यायचं. आता शहरात कॉलेजं किती, मुलं किती आणि त्यांना दारात उभं करायला तयार असलेली ऑफिसं किती? हुशार मुलं सीएंकडे गेली, ओळखीची मुलं काकांच्या कंपनीत गेली, आणि यादी लागली तेव्हा जी मामाच्या गावाला आंबे खात बसली होती, ती आमच्या उन्हाळी बालनाट्य महोत्सवात आली.

आमची संस्था हौशी. दर मे महिन्यात बालनाट्यांचा महोत्सव करते आणि दर जूनमध्ये 'आता पुरे' असं ठरवते. बँकेतली नोकरी सांभाळून मी तिथे बॅकस्टेज बघते. म्हणजे पडद्याआड जे काही हरवेल, फाटेल, तुटेल किंवा रडेल, ते माझ्या खात्यात जमा होतं. नट मिळवायला आम्हाला कधी जाहिरात द्यावी लागली नाही. उलट 'आमच्या चिन्मयला दोन वाक्यं तरी द्या' म्हणत आंब्यांची पेटी घेऊन येणारे पालक टाळायला आमचे दिग्दर्शक मागच्या जिन्याने जातात. पण 'आमच्या चिन्मयला पडदा ओढायला घ्या' म्हणून अजून कोणी साधी कैरीसुद्धा आणलेली नाही. त्यामुळे कॉलेजातल्या मॅडमचा फोन आला आणि "आमचे तीन विद्यार्थी तुमच्याकडे इंटर्न म्हणून..." एवढंच त्या बोलल्या, तेव्हा वाक्य पुरं व्हायच्या आत मी 'पाठवा' म्हणून मोकळी झाले. तीन माणसं, सहा हात, आणि तेही तरुण! आमच्या पडद्यामागच्या मंडळींचं वय असं आहे, की दोन प्रवेशांच्या मधे राजाच्या सिंहासनावर टेकायला रांग लागते.

तिघं आली. एक बीकॉमचा, एक मास मीडियाची, एक बीसीएची. आमच्याकडे पहिल्या दिवशी ज्या नावाने हाक पडते तेच शेवटपर्यंत चिकटतं, त्यामुळे ती बीकॉम, मीडिया आणि बीसीए झाली. बीकॉमने आल्या आल्या विचारलं, "मॅम, ऑडिशन कधी आहे?" मीडियाने विचारलं, "रील काढलं तर चालेल ना?" बीसीएने काहीच विचारलं नाही. तिने कोपऱ्यातला झाडू उचलून स्टेज झाडायला घेतलं. त्या क्षणी आमच्या अण्णांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. अण्णा नेपथ्य लावतात, लेव्हल्स म्हणजे स्टेजवरचे लाकडी चौथरे उचलतात. त्यांच्या भुवईची किंमत कोणत्याही क्रेडिटपेक्षा जास्त आहे.

स्टायपेंडचा विषय बीकॉमनेच काढला. व्यावसायिक नाटकात पडद्यामागच्या माणसालाही प्रयोगाची नाईट मिळते. हौशी संस्थेत नाईट म्हणजे घरी पोचायला होणारा उशीर. हे मी त्याला समजावून सांगत होते तेवढ्यात मीडियाने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "मॅम, अमेरिकेत तर इंटर्नच पैसे भरायचे." झालं! आमचे खजिनदार तिकिटं मोजत होते, ते मोजायचे थांबले.

गोष्ट खरी होती. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाऊन गावात १९५५ सालापासून उन्हाळी नाट्यमहोत्सव भरतो. तिथे वर्षानुवर्षं उमेदवार पोरं हजारो डॉलर फी भरून यायची, सेट उभारायची, सेट पाडायची, मोठ्या नटांच्या मागेपुढे करायची आणि एखादी छोटी भूमिका मिळते का, याची वाट बघायची. पुढे सुपरमॅन झालेला ख्रिस्तोफर रीव्हही १९६८ मध्ये, पंधराव्या वर्षी, तिथे उमेदवार होता. "म्हणजे सुपरमॅनने लेव्हल्स उचलल्यात?" अण्णांनी विचारलं आणि प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर अमेरिकेबद्दल आदर दिसला. खजिनदारांना रीव्हमध्ये रस नव्हता. "आपल्याकडे माणशी किती ठेवता येईल?" असं त्यांनी हळूच विचारलं. मग मीडियाने पुढचं वाचून दाखवलं. २०२१ च्या उन्हाळ्यात तिथल्या साउंडवाल्यांनी उघड्यावरच्या तालमीत, पावसात राबायला नकार देऊन काम सोडलं, लॉस एंजेलिस टाइम्सने मुलांना कसं राबवून घेतात याची मोठी बातमी छापली आणि फी घेऊन राबवायची ती पद्धत मोडीत निघाली. खजिनदारांनी निमूट कॅन्टीनवाल्याला हाक मारली आणि तीन वडे जास्त सांगितले. आमच्या संस्थेच्या इतिहासात कामगार चळवळीला मिळालेलं हे पहिलं यश.

कॉलेजने प्रत्येकाबरोबर एक वही दिली होती. रोज त्यात 'आज काय शिकलो', 'कोणतं आव्हान आलं' आणि 'काय परिणाम साधला' असे तीन रकाने भरायचे आणि खाली मार्गदर्शक म्हणून मी सही करायची. मीडियाने पहिल्या दिवशी लिहिलं, 'आज मी विविध घटकांशी समन्वय साधून वस्त्रव्यवस्थापनाच्या प्रक्रियेत सक्रिय सहभाग नोंदवला.' म्हणजे तिने चेटकिणीच्या झग्याला इस्त्री केली. झगा नायलॉनचा होता, त्यामुळे सहभाग जरा जास्तच सक्रिय झाला आणि पाठीवर इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं. चेटकिणीला काही फरक पडला नाही. आमची चेटकीण दिवसा पोस्टात असते, तिला भोकं पडलेल्या गोष्टींची सवय आहे.

चेटकीण पुरुषानेच करायची, ही आमच्या संस्थेची निष्ठा. याला कारण दिलीप प्रभावळकर. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'त त्यांनी जी चेटकीण केली, तिला घाबरून ज्या पिढीने आईच्या पदरात तोंड लपवलं, ती पिढी आता संस्था चालवते आहे. २०१८ मध्ये तेच नाटक वैभव मांगले यांना घेऊन पुन्हा आलं, तेव्हा त्या पिढीने आपली मुलं आणि नातवंडं घाबरवायला नेली. अण्णा हे सगळं तिघांना सांगत होते. मे महिना आणि बालनाट्य ही जोडी कशी जमली, सुधा करमरकरांनी अमेरिकेत मुलांची रंगभूमी बघून १९५९ मध्ये लिटल थिएटर कसं काढलं, मतकरींच्या 'मधुमंजिरी'ने त्याची सुरुवात कशी झाली, मग १९६२ पासून मतकरींनी स्वतःची 'बालनाट्य' संस्था कशी चालवली, सगळं. अण्णांच्या सांगण्यावर विसंबलं तर 'मधुमंजिरी'ची ट्रंक टेम्पोत त्यांनीच चढवली. अण्णांचा जन्म १९६१ चा आहे.

"आणि ग्रिप्स?" बीसीएने विचारलं. ती घरून वाचून आली होती. बर्लिनचं ग्रिप्स थिएटर मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये पुण्यात आणलं. त्यात राजा, राणी, चेटकीण काही नाही. साध्या घरातली मुलं, त्यांची भांडणं, त्यांचे प्रश्न, आणि मुलांच्या भूमिका करणार मोठी माणसं. अण्णांनी त्यावर विचार केला. "सोयीचं आहे," ते म्हणाले. "मोठ्या नटाला ऐन एन्ट्रीला शू लागत नाही." मग जरा थांबून, "म्हणजे लागते. पण तो सांगत नाही."

हा मुद्दा तात्त्विक वाटेल, पण नाही. आमच्या नाटकात चौदा मुलं आहेत. नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो, पहिली घंटा होते, तोवर सगळी मुलं आज्ञाधारक असतात. दुसरी घंटा झाली की एका सशाला शू लागते. सशाचा पोशाख मागून बंद असतो आणि आत घामाने चिकटलेला असतो. एक ससा गेला की तीन ससे आणि एक प्रधान त्याच्यामागे जातात. तिसरी घंटा आणि पडदा यांच्या मधल्या वेळात पाच पोशाख सोडून पुन्हा बांधण्याचं जे शास्त्र आहे, ते कोणत्याही विद्यापीठात शिकवत नाहीत. बीकॉमला त्या कामावर लावलं, तर त्याने वहीत लिहिलं, 'आव्हान : बालकलाकार. परिणाम : ओला.'

प्रॉपर्टीचं टेबल बीसीएकडे आलं. विंगेत एक लांब टेबल असतं, त्यावर पांढरा कागद पसरलेला. प्रत्येक वस्तू कागदावर ठेवून तिच्याभोवती मार्करने रेघ मारायची. जादूची कांडी, खलिता, मुकुट, विषारी लाडवाची परडी, जिची तिची जागा. वस्तू घेतलीस की वापरून तिथेच आण, आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नको, एवढे दोनच कायदे. रिकामी रेघ दिसली की ओरडायचं. पहिल्याच प्रयोगाला परडी जागेवर होती, पण लाडू नव्हता. विषारी लाडू सेनापतीने खाल्ला होता. सेनापती दुसरीत आहे आणि त्याला भूक लागली होती. राजकन्येला एन्ट्री होती. बीसीएने इकडे तिकडे बघितलं, खजिनदारांनी मंजूर केलेला आपल्या वाट्याचा बटाटेवडा परडीत ठेवला आणि वर रुमाल टाकला. राजकन्येने तो तीन घासांत संपवला आणि मगच बेशुद्ध पडली. तालमीत ती एका घासात पडायची. दिग्दर्शक म्हणाले, आज भूमिकेत उतरली होती.

तरी खरं काम अंधारातलं. प्रवेश बदलताना दिवे जातात आणि काळे कपडे घातलेली माणसं स्टेजवर शिरतात. स्टेजवर जागोजाग रेडियम टेपचे तुकडे चिकटवलेले असतात, त्यांच्या मंद हिरव्या ठिपक्यांवर झाड, विहीर, सिंहासन बसवायचं. पैंजण नको, चमकणारं घड्याळ नको, खिशात किल्ल्या नकोत, मोबाइल तर नकोच. बीसीए रिकाम्या स्टेजवर डोळे मिटून पावलं मोजायची : सात पावलं, वळण, तीन पावलं, खाली वाक. शिवाय तिने कोणत्या वाक्याला कोणती वस्तू हलवायची याचा तक्ता लॅपटॉपवर केला होता, रंगीत. अण्णांनी तो कौतुकाने बघितला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितला. अण्णांचा तक्ता काडेपेटीच्या पाठीवर असतो. त्यावर एवढंच लिहिलेलं होतं : 'राजा शिंकला की विहीर.'

त्याचा अर्थ असा. राजवाड्याच्या बागेत मधोमध विहीर आहे. चेटकीण त्या विहिरीतून वर येते, राजावर जादूची पूड फुंकते, राजा शिंकतो, अंधार होतो आणि अंधारात विहीर बाहेर न्यायची, कारण पुढचा प्रवेश जंगलाचा. विहीर न्यायचं काम बीकॉमकडे होतं. त्याने लॅपटॉपवरचा तक्ता वाचला नव्हता. काडेपेटी वाचली होती.

रविवारचा प्रयोग. थेटर भरलेलं, पहिल्या रांगेत पॉपकॉर्न, मधल्या रांगांत आज्या. आमचा राजा सहावीत आहे. मे महिन्यात त्याला दाढी लावली होती, ती स्पिरिट गमने चिकटवलेली, त्यात नाट्यगृहातला एसी नेमका त्याच दिवशी सुरू. राजाने प्रधानाला राज्यात काय चाललंय असं विचारलं आणि तो खराखुरा शिंकला. चेटकीण अजून पाठपडद्याआड वाकून बसलेली, दिवे लख्ख. आणि बीकॉम विंगेतून निघाला. काळी पॅन्ट, काळा टीशर्ट, रुंद छाती. त्याने विहिरीला मिठी मारली आणि ती ओढायला लागला.

राजाने बघितलं. तालमीत असं काही नव्हतं. पण पोरगं हुशार. त्याने दाढी सावरली आणि दरडावून विचारलं, "थांब! आमची विहीर कुठे घेऊन चाललास?"

बीकॉमने क्षणभर विचार केला. मग मान लववून म्हणाला, "महाराज, अतिक्रमणात आहे."

मुलं हसली नाहीत. आयाबाप आणि आज्या मात्र अशा हसल्या की दोन मिनिटं पुढचं वाक्य घेता येईना. कोणीतरी शिट्टी मारली. राजाने मोठ्या मनाने "न्या!" अशी आज्ञा केली आणि विहीर टाळ्यांच्या गजरात विंगेत आली.

इकडे पाठपडद्याआड आमचे पोस्टातले गृहस्थ झगा सावरून बसले होते आणि त्यांची विहीर गेली होती. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की अजून आठवलं तरी मला दचकायला होतं. परत विहीर न्यावी तर हसू संपून विचका होणार. मी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी काडेपेटीकडे बघितलं. तेवढ्यात बीसीए दिसेनाशी झाली. अख्खं थेटर विहिरीची मिरवणूक बघत होतं, आणि स्टेजच्या मागच्या अंगाला उभं असलेलं वडाचं झाड इंच इंच मधोमध सरकायला लागलं. झाडाचा फ्लॅट तिच्याहून दीड हात उंच होता, ती मागून ढकलत होती, आणि चेटकीण तिच्या पाठोपाठ रांगत होती. हसू ओसरलं तेव्हा झाड जागेवर होतं. खोडाआडून चेटकीण निघाली, किंचाळली, पूड फुंकली. राजाची शिंक आधीच खर्च झाली होती. ती विंगेतून अण्णांनी दिली. अंधार झाला, जंगल लागलं, नाटक पुढे गेलं.

झाड चालताना फक्त तिसऱ्या रांगेतल्या एका चिमुरडीला दिसलं. ती ओरडलीही, "आई, झाड चालतंय!" आई म्हणाली, "गप्प बस. काहीतरी बोलू नकोस."

प्रयोगानंतर ग्रीनरूममध्ये बीकॉमभोवती ही गर्दी. दिग्दर्शक त्याला झापायला आले आणि पाठ थोपटून गेले. वाक्य पक्कं झालं. पुढच्या प्रयोगाला तो चेहऱ्याला पावडर लावून आला. विहिरीपाशी थांबला, प्रेक्षकांकडे तोंड केलं, हात पसरले आणि सावकाश म्हणाला, "महाराज... अतिक्रमणात आहे." एक माणूस हसला. तो त्याचा मामा होता.

माझा खरा पेच पुढेच होता. महोत्सव संपला आणि वह्यांमध्ये शेरे लिहायची वेळ आली. 'विद्यार्थ्याच्या कामाचा ठळक परिणाम लिहा.' बीकॉमचा रकाना भरून वाहिला. बीसीएच्या रकान्यापाशी माझं पेन अडलं. तिचं काम चोख झालं त्याचा परिणाम काय? झाड वेळेवर आलं. सिंहासन कोणाच्या पायावर पडलं नाही. कांडी हरवली नाही. आमच्या खात्यात यश म्हणतात ते हेच, की लोक घरी जातात आणि पडद्याआड कोणी होतं हे त्यांना सुचतसुद्धा नाही. आविष्कार नाट्यसंस्थेचे अरुण काकडे आयुष्यभर हेच करत राहिले. प्रायोगिक नाटकं उभी राहिली, नटांची नावं झाली, आणि काकडेकाका विंगेत. त्यांना कोणी 'ठळक परिणाम' विचारला असता, तर त्यांनीही विचारणाऱ्याला आधी खुर्च्या लावायला सांगितलं असतं. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'काहीही घडलं नाही.'

वही परत आली. 'कृपया सविस्तर लिहावे.' मी सविस्तर लिहिलं : चेटकीण विहिरीऐवजी झाडातून आली आणि कोणाला कळलं नाही. वही पुन्हा आली. 'पुरावा म्हणून छायाचित्र जोडावे.' मीडियाकडे त्या दिवशीचे ढीगभर फोटो होते. सगळे विहिरीचे. झाडाचा एकच होता, पुढच्या अंधारातला, संपूर्ण काळा. तो नीट छापून घेतला, वहीत डकवला, खाली 'विद्यार्थिनी काम करताना' असं लिहिलं आणि संस्थेचा शिक्का मारला.

तो चालला. बीकॉमला दहापैकी नऊ मिळाले, मीडियाला आठ, बीसीएला सात. मला फार राग आला. मी अण्णांना सांगितलं, तर अण्णा म्हणाले, "सात दिले? काळ्या फोटोला? फारच झाले." बीसीएचे १२० तास महोत्सवाच्या मध्यावरच भरले होते, हे मला वह्या चाळताना कळलं. त्यानंतरही ती रोज येत होती. जास्तीचे तास पुढच्या सत्रात धरता येतील का, असं मी कॉलेजला विचारलं. तशी तरतूद नाही, असं उत्तर आलं.

आता कॉलेजच्या मॅडमचा पुन्हा फोन आला आहे. पुढच्या मे महिन्यासाठी आठ अर्ज आलेत. तुमच्याकडे इंटर्नला भूमिका मिळते, टाळ्या पडतात, असं बीकॉमने सगळीकडे सांगितलंय. मी हादरले. अण्णा लेव्हलला खिळा मारत होते, त्यांना म्हटलं, "अण्णा, आठ जण येतायत आणि आठांनाही स्टेजवर जायचंय. काय करायचं?"

अण्णांनी तोंडातला दुसरा खिळा काढला. "जाऊ देत की," ते म्हणाले. "अंधारात."